होतंच तसं

गेल्या श्रावणात मला माझ्या पोटाचे चित्र काढून घ्यावे लागले. जन्मभर लोकांच्या मुलांना चित्रे काढायला शिकवून मी ज्या पोटाची सोय केली, त्याच पोटाचे चित्र काढायला एक खोलीएवढे यंत्र लागावे आणि त्याचे पैसे आधी मोजून घेतले जावेत, यात थोडी गंमत आहे. पण त्या दिवशी ती मला सुचली नाही. लघवीतून रक्त गेले होते. आमच्या घरात या एका वाक्याचा अर्थ काय होतो, ते पुढे येईलच.

खिडकीपाशी बसलेल्या मुलीने माझ्यापुढे एक कागद सरकवला. पूर्वी दमा होता का, मूत्रपिंडाचा काही विकार आहे का, मधुमेहाची गोळी कोणती घेता, मासे खाऊन अंगाला खाज सुटते का. आम्ही घाटावरची माणसे. मासे म्हणजे आठवडे बाजारातला सुका बोंबील, आणि त्याने खाज सुटण्याऐवजी शेजाऱ्यांची तक्रार येते. तिथल्या डॉक्टरांना मी नंतर त्या प्रश्नाचे कारण विचारले, तेव्हा ते हसले. माशाची बाधा होते ती माशातल्या प्रथिनांमुळे, त्यातल्या आयोडीनमुळे नव्हे. या औषधाशी तिचा काही खास संबंध नाही. प्रश्न वर्षानुवर्षे छापला जातो म्हणून छापला जातो. कागदाच्या शेवटी लिहिले होते की, नसेतून द्यावयाच्या औषधाने क्वचित गंभीर त्रास, अगदी क्वचित मृत्यूही संभवतो, याची मला कल्पना आहे. खाली सही. माझी सही बरी आहे, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर ती नेहमी ऐटीत येते. त्या दिवशी मात्र ती माझी मलाच ओळखू आली नाही.

आत गेल्यावर दंडात सुई बसवून देणारी मुलगी माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची असावी. तिने नळीला जोडलेली बाटली मला दाखवली. लोक या औषधाला ‘डाय’ म्हणतात. ‘डाय टाकून फोटो काढला’ असे सांगतात. डाय म्हणजे रंग, म्हणून मी धंद्याच्या कुतूहलाने पाहिले, तर बाटलीत नुसते स्वच्छ पाणी! रंग कसला तो नाहीच. ती म्हणाली, “सर, औषध गेलं की अंगातून गरम गरम वाटेल. तोंडाला लोखंडासारखी चव येईल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसेल. थोडाच वेळ. होतंच तसं. घाबरू नका.”

आणि तसेच झाले. घशापासून खाली एक ऊब उतरत गेली, थंडीत कुणी पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवावी तशी, आणि मी लाजून चादरीकडे पाहावे इतक्यात ती ओसरलीही. यंत्राने श्वास रोखायला सांगितले, मी रोखला. पण माझे लक्ष श्वासाकडे नव्हते. ‘होतंच तसं’ या दोन शब्दांपाशी ते अडकून पडले होते. हे शब्द मी अशाच एका खोलीच्या दाराशी पूर्वी ऐकले होते.

ते साल १९८९. मी चौथीत होतो. अण्णांना मूतखड्याच्या कळा येत, आणि जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात त्यांचा ‘आय.व्ही.पी.’ काढायचे ठरले. आदल्या रात्री त्यांना एरंडेल प्यावे लागले. सकाळी उपाशीपोटी आम्ही पहिल्या एस.टी.ने निघालो, मला सांभाळायला घरी कुणी नव्हते म्हणून आईने मलाही घेतले. अण्णा सोसायटीत कारकून होते, सावकाश बोलणारे, धोतराची निरी नीट असल्याशिवाय दारात उभे न राहणारे. दार लोटलेले होते. आतून आधी ओकारीचा आवाज आला आणि मग अण्णांचा. तसा आवाज त्यांच्या गळ्यातून निघू शकतो हे मला ठाऊक नव्हते. आई उठून दारापर्यंत गेली. कंपाउंडरने डोके बाहेर काढले आणि म्हटले, “काही नाही बाई, होतंच तसं. सगळ्यांना होतं.”

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या मानेवर आणि छातीवर गांधी उठल्या होत्या, डोळे लाल होते, आणि निरी सुटलेली होती. परतीच्या एस.टी.त बराच वेळ ते बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, “नसांतून उकळतं तेल सोडलं गं.” मी खिडकीशी बसलो होतो. मला वाटले, दवाखान्यात खरोखरच तेल असते.

ते तेल म्हणजे काय होते हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. माझा अहवाल तयार व्हायला दोन तास होते, डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे निघाले, आणि उरलेले मी घरी येऊन वाचले. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. (आता त्या परीक्षेला कुणी मॅट्रिक म्हणत नाही, पण माझ्या तीन कादंबऱ्या छापून आल्या तरी आई मात्र ‘आमचा मुलगा मॅट्रिक आहे’ असेच सांगते.) तेव्हा माझ्या भाषेत सांगतो.

सहावीच्या मुलांना मी एक गंमत करायला लावतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने चित्र काढायचे. काढणाऱ्यालाही दिसत नाही. मग त्यावर पातळ निळ्या रंगाचा हात फिरवायचा. मेणावर रंग बसत नाही, कागदावर बसतो, आणि चित्र उमटते. वर्गात एकच आरडाओरडा होतो. क्ष-किरणांपुढे आपले शरीर हा असाच पांढऱ्यावर पांढरे काढलेला कागद आहे. हाडात चुना असतो म्हणून हाड दिसते. यकृत, आतडी, मूत्रपिंड, रक्तवाहिन्या सगळ्या एकाच रंगाच्या. रन्टगेनला क्ष-किरण सापडले ते १८९५च्या नोव्हेंबरात. आणि १८९६च्या जानेवारीत व्हिएन्नातल्या दोघांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना, हिंगूळ आणि खनिज तेल यांचे मिश्रण भरून त्या छायाचित्रात उमटवूनही दाखवल्या होत्या. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा खडा, आमच्या पेटीतला शेंदरी. मेलेल्या हाताला तो चालला. जिवंत माणसाच्या नसेत काय घालावे, हा प्रश्न तिथून जो सुरू झाला तो आजवर चालू आहे.

उत्तर सापडले ते आयोडीनमध्ये, आणि तेही आडवाटेने. उपदंशाच्या रोग्यांना आयोडीनचे क्षार देत, तेव्हा १९२३च्या सुमारास अमेरिकेत कुणाच्या तरी ध्यानात आले की यांचे मूत्राशय फोटोत दिसते. पुढे बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयात जंतूंवर औषध म्हणून बनवलेली आयोडीनची संयुगे मोझेस स्विक नावाच्या तरुण अमेरिकन डॉक्टरने १९२९ साली मूत्रपिंडे पाहण्यासाठी वापरली. श्रेय कुणाचे यावर वाद झाला, तो आपण सोडून देऊ. १९५०नंतर एका कणावर आयोडीनचे तीन अणू बसवलेली संयुगे आली आणि फोटो झकास येऊ लागले. अण्णांच्या नसेत गेले ते याच घराण्यातले, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

ते भाजत का होते? कैरीला मीठ लावून ठेवले की ताटलीत पाणी सुटते. तसेच. हे औषध म्हणजे मीठ होते आणि फार दाट होते. रक्ताच्या पाचपट, कधी त्याहूनही अधिक. ते नसेत गेले की नसेच्या अस्तरातले, रक्तातल्या तांबड्या पेशींतले पाणी ओढून बाहेर काढी. नसा ताणत, आग होई. आणि हे मीठ पाण्यात पडले की त्याचे दोन तुकडे होत. एक तुकडा आयोडीन वाहून नेई. दुसरा वऱ्हाडात नुसता जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा. काम काही नाही, दाटी मात्र करायची.

हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होते. रोगी ओरडतो हेही त्यांना दिसतच होते. पण फोटो चांगला येत होता. दुखणे हा त्या तपासणीचाच एक भाग, असे धरून चालले होते.

स्वीडनमधल्या मालमो शहरी टॉर्स्टेन आल्मेन नावाचा क्ष-किरणांचा एक डॉक्टर होता. जन्म १९३१चा. पायाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढताना रोगी कसे कळवळतात ते तो रोज पाही. इतरही पाहत होते. याला ते सहन होईना एवढेच. विचार करता करता त्याला आठवले ते पोहणे. स्वीडनच्या एका बाजूला बाल्टिक समुद्र आहे, त्याचे पाणी कमी खारे. दुसऱ्या किनाऱ्याचे पाणी अधिक खारे. बाल्टिकमध्ये डोळे उघडे ठेवून पोहता येते, पलीकडे डोळे चुरचुरतात. ज्या माणसाने रत्नागिरीच्या समुद्रात आणि नंतर गावच्या विहिरीत बुडी मारली आहे, त्याला हे पुस्तकावाचून कळेल. आल्मेनने एवढेच म्हटले, की माझ्या रोग्याच्या नसेला होते ते डोळ्याला होते तेच आहे. मग औषध मीठच कशाला हवे? साखरही पाण्यात विरघळते. पण साखरेच्या कणाचे दोन तुकडे होत नाहीत. आयोडीनचे तीन अणू तेच ठेवावेत, मिठाचा भाग काढून त्या जागी साखरेसारखा पाण्याशी सलगी करणारा भाग जोडावा. निम्म्या कणांत तेवढेच काम.

आज हे मी एका परिच्छेदात सांगितले. तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता. १९६८-६९ साली तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे वटवाघळाच्या पंखातल्या बारीक नसांवर ही औषधे काय करतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला, आणि रसायनशास्त्र स्वतःच शिकला. त्याचा लेख १९६९ साली छापून आला तो क्ष-किरणांच्या नियतकालिकात नव्हे, सैद्धान्तिक जीवशास्त्राच्या. मात्र ओस्लोच्या न्यूगार्ड नावाच्या कंपनीने त्याची कल्पना मनावर घेतली. पहिले औषध १९७४च्या सुमारास बाजारात आले. त्याच्या कणाला खरोखरच साखरेच्या जातीचा तुकडा जोडलेला होता. पण ते उष्णतेने निर्जंतुक करता येत नसे. भुकटी आणायची आणि ऐन वेळी कालवायची. मग १९८२ साली आयोहेक्सॉल आले, बाटलीत तयार, टिकाऊ. माझ्या दंडातून गेले ते आयोहेक्सॉलच. त्याचा दाटपणाही रक्तापेक्षा दुपटीहून जास्त आहे, म्हणून ती ऊब. पुढे तर रक्ताइतकेच दाट असलेले औषधही निघाले.

फरक किती पडला? जपानात ३ लाख ३७ हजारांहून अधिक रोग्यांची एक पाहणी १९९० साली प्रसिद्ध झाली. जुन्या औषधाने शंभरांतल्या तेरा जणांना काही ना काही बाधा झाली होती, नव्याने तिघांना. गंभीर बाधा जुन्याने हजारांत दोघांना. नव्याने दहा हजारांत चौघांना. अण्णा त्या तेरांतले. त्यांची नोंद मात्र कुठल्याच पाहणीत नाही. कंपाउंडरने ती केली असेल असे मला वाटत नाही.

यावरून कुणी समजेल की दुखले नाही म्हणजे झाले. तसेही नाही. १९३०च्या सुमारास थोरियमचे एक औषध निघाले होते. त्याने आग नाही, ओकारी नाही, आणि फोटो असे की डॉक्टर खूश. ते वीसेक वर्षे वापरात राहिले. पण ते शरीराबाहेर पडतच नसे. यकृतात, प्लीहेत जाऊन बसे आणि तिथे किरण सोडत राही. वीस, तीस वर्षांनी त्या लोकांना यकृताचे कर्करोग होऊ लागले. तोवर फोटो कुठल्या कुठे हरवले असतील. न दुखणाऱ्या औषधाची ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो. माझ्या नसेतले औषध एका दिवसात लघवीवाटे निघून जाते, हे डॉक्टरांनी सांगितलेले असूनही.

एम.आर.आय.साठी गॅडोलिनियम नावाची धातू देतात. ती मोकळी सुटली तर विषारी, म्हणून खेकड्याने नांगीत धरावे तशी एका मोठ्या कणात पकडून देतात. १९८८पासून ती देत आले. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी, त्यांच्या अंगात ती फार वेळ राही, आणि काही नांग्या ढिल्या पडत. अशा रोग्यांची कातडी लाकडासारखी घट्ट होऊ लागली, सांधे वाळेनात. कारण गॅडोलिनियम असावे, हे २००६ साली ऑस्ट्रियातल्या एका डॉक्टरच्या ध्यानात आले. तेव्हापासून मूत्रपिंडे तपासून मगच ती देतात, घट्ट नांगीची देतात, आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला आहे. युरोपात २०१७ साली ढिल्या नांगीची कित्येक औषधे बाजूला ठेवली. २०२२ साली अमेरिकेत निम्म्या धातूत तेच काम करणारे औषध मान्य झाले. म्हणजे काम चालूच आहे. एकदा चित्र चांगले आले म्हणून ब्रश धुऊन ठेवला, असे इथे करता येत नाही.

आता अण्णांविषयी राहिलेले सांगतो. आयोहेक्सॉल १९८२चे, अण्णांची तपासणी १९८९ची. मधली सात वर्षे मला डॉक्टरांपुढेच बोटांवर मोजावी लागली. ते समजले. म्हणाले, नवे औषध जुन्यापेक्षा कित्येक पटींनी महाग होते. अमेरिकेतसुद्धा त्या काळात वाद चालला होता, की ते सर्वांना द्यावे की फक्त धोका असेल त्यांना. आपल्या जिल्ह्याच्या गावी कोण विचारतो? त्या कंपाउंडरला मी दोष देत नाही. त्याच्या कपाटात एकच बाटली होती, आणि तिने सर्वांना तसेच होत होते.

२०११ साली अण्णांच्या लघवीतून रक्त गेले. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडापाशी काहीतरी दिसले. काय आहे ते ठरवायला डाय टाकून सी.टी. काढावा लागेल, असे सांगण्यात आले. अण्णा खुर्चीतून उठले. “ती सुई पुन्हा नाही.” तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “आजोबा, आता तसं औषध राहिलं नाही. आम्ही आधी इंजेक्शन देऊ, जवळ उभे राहू.” अण्णा नमस्कार करून बाहेर पडले. बावीस वर्षांपूर्वी त्यांना कुणी आधी काही सांगितले नव्हते आणि नंतर जे सांगितले ते खरे वाटले नव्हते. आता सांगणारीवर त्यांनी का विश्वास ठेवावा?

पण मी? मी शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा. मी आग्रह धरू शकत होतो. रिक्षात बसल्यावर मी एकदाच म्हटले, “अण्णा, काढू या ना.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मला तो दारामागचा आवाज ऐकू आला. मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. आम्ही पानफुटीचा रस दिला, कुळथाचे कढण दिले. रक्त मधून थांबले, तेव्हा ते आम्ही गुण समजलो. आठ महिन्यांनी खोकला सुरू झाला तेव्हा गाठ मूत्रपिंडातून फुप्फुसापर्यंत गेली होती. २०१२च्या दसऱ्याला अण्णा नव्हते. तपासणी केली असती तर ते वाचले असते असे मी म्हणत नाही. ते कुणी सांगू शकत नाही. पण आठ महिने आमच्या हातात होते.

माझ्या अहवालात सात मिलिमीटरचा खडा निघाला. फक्त खडा. मी घरी आलो तेव्हा आई पडवीत गवार मोडीत बसली होती. सकाळपासून ती तिथेच बसली असावी. गवार एवढी नव्हती.

“खडा आहे,” मी म्हणालो. “बाकी काही नाही.”

तिने मान हलवली. मग विचारले, “सुई टोचली का रे? ती?”

“टोचली.”

“दुखलं?”

“नाही. गरम वाटलं जरा. संपलं लगेच.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मग ह्यांचंच का एवढं दुखलं?”

मी तिला मीठ आणि साखर सांगितली. कैरी सांगितली, ती तिला लगेच कळली. समुद्रात पोहणाऱ्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. तिने ती सबंध ऐकून घेतली, वर्गातली पहिल्या बाकावरची मुलगी ऐकते तशी.

“म्हणजे ते साखरेचं औषध ह्यांच्या वेळी निघालं नव्हतं.”

“निघालं होतं,” मी म्हणालो.

“मग कुठं होतं?”

“नॉर्वेत. आणि जिथं पैसे होते तिथं.”

तिने गवारीची एक शेंग हातात घेतली, तिचा दोरा ओढून काढला, आणि ताट माझ्याकडे सरकवले. मी हातपाय धुऊन तिच्या शेजारी मोडायला बसलो.